यीस्टमधले औषध: लिटरमागे किती, तेही छापा

संपादक महोदय,

स. न. वि. वि.

पाव फुगवणाऱ्या यीस्टकडून कर्करोगाचे किंवा हिवतापाचे औषध करून घेतले, अशा बातम्या मराठी वृत्तपत्रांत अधूनमधून येतात. बातमी खोटी नसते, पण तिच्यातला सर्वांत कामाचा आकडा बहुधा गळलेला असतो: फर्मेंटरमधल्या (यीस्ट वाढवण्याच्या टाकीतल्या) एका लिटर द्रवातून औषध किती निघाले? काही ग्रॅम, काही मिलिग्रॅम, की काही मायक्रोग्रॅम? ग्रॅम आणि मिलिग्रॅम यांत हजारपटीचे अंतर. मिलिग्रॅम आणि मायक्रोग्रॅम यांत आणखी हजारपटीचे. ग्रॅमची बातमी कारखान्याच्या दाराशी पोचलेली असते, मायक्रोग्रॅमची अजून प्रयोगशाळेच्या टेबलावर असते, आणि मथळा दोघींना सारखाच मिळतो. मग रुग्णाचे नातेवाईक औषध स्वस्त कधी होणार असे विचारू लागतात आणि औषधी वनस्पती लावणारा शेतकरी पुढच्या हंगामाबद्दल साशंक होतो. किण्वन आणि औषधनिर्मितीच्या कामाशी जोडलेले आम्ही काही वाचक हा आकडा कसा वाचायचा आणि तो नेमका कुठे अडतो, हे सांगण्यासाठी लिहीत आहोत. पत्र लांबले आहे, पण विषयच तसा आहे.

यीस्टकडून औषध करून घेणे आपल्याकडे नवे नाही. हैदराबादच्या शांता बायोटेक्निक्सने १९९७ मध्ये हिपॅटायटिस-बीची लस आणली, बंगळुरूच्या बायोकॉनने २००४ मध्ये इन्सुलिन आणले. दोन्ही पिकिया या यीस्टमध्ये तयार झालेली. परंतु लस आणि इन्सुलिन ही प्रथिने. प्रथिनाचे जनुक यीस्टमध्ये नीट बसवले की यीस्ट ते प्रथिन घडवू लागते. वनस्पतीतली बहुतेक औषधी द्रव्ये प्रथिने नसतात. ते छोटे पण गुंतागुंतीचे रेणू असतात आणि वनस्पती ते दहा, वीस, तीस पायऱ्यांनी घडवते, जवळजवळ प्रत्येक पायरीला वेगळे एन्झाइम (रासायनिक क्रिया घडवणारे प्रथिन) लावून. त्यामुळे इथे एका जनुकाने भागत नाही. वनस्पतीतली सगळी साखळी उचलून यीस्टमध्ये मांडावी लागते, आणि त्यातली एक कडी जरी सापडलेली नसेल तरी काम तिथेच थांबते.

सदाफुलीचेच पाहा. मूळची मादागास्करची ही वनस्पती आपल्या अंगणात, देवळाच्या आवारात बारमाही फुललेली असते. १९५० च्या दशकाच्या अखेरीस कॅनडातील वेस्टर्न ओंटारिओ विद्यापीठात रॉबर्ट नोबल आणि चार्ल्स बिअर यांनी तिच्या पानांतून व्हिनब्लास्टिन वेगळे केले. तिच्यातच पुढे व्हिनक्रिस्टिन मिळाले, ज्यावर मुलांच्या रक्ताच्या कर्करोगाचे उपचार आजही उभे आहेत. डोस अगदी थोडा; व्हिनक्रिस्टिन एका वेळी सहसा २ मिलिग्रॅमच्या पुढे देत नाहीत. पण पानांत ही द्रव्ये इतकी विरळ असतात की १ ग्रॅम व्हिनब्लास्टिनसाठी सुमारे ५०० किलो सुकी पाने लागतात आणि १ ग्रॅम व्हिनक्रिस्टिनसाठी २,००० किलोहून अधिक. व्हिनब्लास्टिनचा रेणू दोन अर्धे जोडून झालेला आहे, एक विंडोलिन आणि दुसरा कॅथारँथिन. हे दोन अर्धे पानांत त्यामानाने जास्त असतात, म्हणून ते पानांतून काढून कारखान्यात रसायनाने जोडण्याची वाटही वापरली जाते.

ऑगस्ट २०२२ मध्ये डेन्मार्कच्या तांत्रिक विद्यापीठातील गटाने (मायकेल क्रोग येन्सन आणि जे कीसलिंग हे त्याचे प्रमुख) हे दोन्ही अर्धे यीस्टकडून करून घेतल्याचे जाहीर केले. यीस्टच्या जनुकसंचात एकूण ५६ बदल केले होते. ३४ जनुके वनस्पतींची आणून बसवली, आणि यीस्टची स्वतःची दहा जनुके कुठे काढून टाकली, कुठे दाबली, कुठे वाढवली. तीस पायऱ्यांची साखळी एका पेशीत चालली. मग कॅथारँथिन आणि विंडोलिन बाहेर काढून, यीस्टबाहेर रासायनिक क्रियेने जोडून व्हिनब्लास्टिन मिळवले. या कामाबद्दल आम्हांला मनापासून आदर आहे; अशी लांब साखळी जुळवणे किती कठीण, ते करणाऱ्यालाच ठाऊक. पण प्रमाण लिटरमागे मायक्रोग्रॅमचे होते, पूर्ण एक मिलिग्रॅमसुद्धा नाही. हिशेबासाठी लिटरला १०० मायक्रोग्रॅम धरू. मग १ ग्रॅमसाठी १०,००० लिटर द्रव हवा, म्हणजे उन्हाळ्यात गावात येणारा पाण्याचा एक मोठा टँकर. तो आधी निर्जंतुक करायचा, पाच-सहा दिवस हवा देत ढवळायचा आणि नंतर त्यातून चिमूटभर द्रव्य वेचून काढायचे. याच्याशेजारी ५०० किलो सुकी पाने ठेवून पाहिली की आज पान का जिंकते ते कळते.

एवढे कमी का निघते? कारणे एकाहून एक वेगळी आहेत, आणि प्रत्येक कारण त्या एका आकड्यातूनच काही ना काही वजा करते.

पहिली अडचण कच्च्या मालाची. सदाफुलीच्या साखळीची सुरुवात दहा कार्बनच्या एका तुकड्यापासून होते. यीस्टमध्ये हा तुकडा बनतो, पण टिकत नाही. यीस्टचे एर्ग-२० हे एन्झाइम तो हातातून न सोडता लगेच पंधरा कार्बनचा करते, कारण यीस्टला त्यापासून पेशीच्या आवरणासाठी लागणारे एर्गोस्टेरॉल हवे असते. एर्ग-२० बंद केले तर पेशी मरते. म्हणून त्याच्या खाचेतली दोन अमिनो आम्ले बदलून, तुकडा दहावरच सुटेल असे दुसरे एन्झाइम शेजारी बसवतात आणि मूळचे एन्झाइम जगण्यापुरते चालू ठेवतात. तो तोल थोडा जरी ढळला तरी एकतर माल मिळत नाही, नाहीतर यीस्ट वाढत नाही.

दुसरी अडचण चोरवाटांची. दहा कार्बनच्या तुकड्यापासून जेरॅनिऑल बनते, गुलाबाच्या आणि रोशा गवताच्या तेलात असते तेच. यीस्टच्या दृष्टीने ते परके द्रव्य. त्याची स्वतःची एन्झाइमे जेरॅनिऑल दिसले की त्याचे दुसरेच काहीतरी करून टाकतात: ओवायई-२ त्याचे सिट्रोनेलॉल करते, एटीएफ-१ त्याला अ‍ॅसिटेट चिकटवते. ही जनुके एकेक करून काढावी लागतात, आणि एक काढले की तेच काम थोड्या कमी वेगाने करणारे त्याचे भावंड पुढे येते. अशा जनुकांची यादी आधी कागदावर पूर्ण करता येत नाही. दर वेळी यीस्ट वाढवायचे, त्यातली द्रव्ये मास स्पेक्ट्रोमीटरवर (रेणूंचे वजन मोजणाऱ्या यंत्रावर) तपासायची आणि आलेखावर नको असलेले जे नवे शिखर दिसेल त्याचा माग काढायचा, असे ते काम आहे.

तिसरी अडचण पी-४५० या घराण्यातल्या एन्झाइमांची, आणि बहुतेक प्रकल्प हिच्यापाशीच अडखळतात. रेणूवर नेमक्या जागी ऑक्सिजन बसवणे हे यांचे काम. ती पेशीतल्या पडद्यांत रुतलेली असतात. त्यांच्या गाभ्यात लोह असलेला हीम लागतो, हवेतला ऑक्सिजन लागतो आणि इलेक्ट्रॉन पुरवणारे एक सोबती प्रथिन लागते. कधी सायटोक्रोम बी-५ हे दुसरेही लागते. सोबती कमी पडला तर काम मंदावते. जास्त झाला तर इलेक्ट्रॉन वाया जाऊन पेशीत हायड्रोजन पेरॉक्साइडसारखी घातक द्रव्ये साचतात आणि यीस्ट आजारी पडते. नवशिक्याला वाटते, सगळ्या जनुकांना सर्वांत जोरकस प्रमोटर (जनुक किती जोरात चालेल ते ठरवणारा भाग) लावला की माल वाढेल. प्रत्यक्षात तसे केलेले यीस्ट पेट्री डिशवर बारीक, मलूल ठिपक्यांसारखे उगवते.

चौथी अडचण आम्हांला सर्वांत विलक्षण वाटते, म्हणून तिच्यावर थोडे अधिक. सदाफुलीच्या पानात हे सगळे काम एका जागी होत नाही. सुरुवातीच्या पायऱ्या शिरांलगतच्या पेशींत, मधल्या पायऱ्या पानाच्या बाह्यत्वचेत, शेवटच्या चीकवाहिन्यांसारख्या खास पेशींत. एका पेशीच्या आतही वाटणी आहे. स्ट्रिक्टोसिडिन हे मधले द्रव्य पेशीच्या रिक्तिकेत साठते, तर त्यावरची साखर तोडणारे एन्झाइम केंद्रकात असते. अळीने पान कुरतडले की भिंती फुटतात, दोन्ही एकत्र येतात आणि साखर तुटलेला रेणू दिसेल त्या प्रथिनाला चिकटत सुटतो. झाडाचे ते शस्त्र आहे. यीस्टची एकच छोटी पेशी. तिच्यात ही शस्त्रनिर्मिती चालू केली की वार स्वतःवरच होतो. म्हणून पुढची एन्झाइमे इतकी तत्पर हवीत की तो रेणू मोकळा फिरायलाच नको. इथली बरीच एन्झाइमे २०१८ पर्यंत माहीतही नव्हती. इंग्लंडमधील जॉन इनेस सेंटरमध्ये सारा ओ’कॉनर यांच्या गटाने त्या वर्षी राहिलेल्या कड्या शोधल्या, तेव्हा कुठे पूर्ण साखळी यीस्टमध्ये बसवण्याचा विचार शक्य झाला.

क्रमाची गडबड हीही नेहमीची. टॅबरसोनिन या द्रव्यापासून विंडोलिनपर्यंत सात पायऱ्या आहेत. पहिल्या पायरीत टी-१६-एच हे एन्झाइम एका ठरावीक कार्बनवर ऑक्सिजन बसवते, दुसऱ्या पायरीत त्यावर मिथिल गट चढतो, तिसरी पायरी टी-३-ओ या एन्झाइमची. पण टी-३-ओ रांगेत थांबत नाही. पहिल्या दोन पायऱ्या व्हायच्या आधीच टॅबरसोनिन त्याच्या हाती लागले तर पुढचा सगळा प्रवास व्हिंडोरोसिन या जुळ्या भावाकडे होतो, ज्याचा व्हिनब्लास्टिनसाठी उपयोग नाही. उपाय साधा पण वेळखाऊ: पहिल्या दोन जनुकांच्या जास्त प्रती घालायच्या, टी-३-ओचा प्रमोटर हलका करायचा आणि कोणते प्रमाण जुळते ते शेकडो वाण (जनुके निरनिराळ्या प्रमाणात बसवलेली यीस्टची रूपे) वाढवून पाहायचे.

समजा, वाण साधला. आता फ्लास्कमधून फर्मेंटरमध्ये जायचे. यीस्टला भरपूर साखर एकदम दिली की ऑक्सिजन असूनही ते तिची दारू करू लागते. म्हणून फर्मेंटरमध्ये साखर थेंबाथेंबाने सोडतात, द्रवातली शिल्लक साखर जवळजवळ शून्य राहील इतकीच. तापमान ३० अंश, सामू ५ च्या आसपास. सामू राखायला अमोनियाचे पाणी, म्हणजे नायट्रोजनही त्यातूनच मिळतो. पी-४५० एन्झाइमांना ऑक्सिजन हवा म्हणून हवा जोरात सोडावी लागते, त्याने फेस येतो, फेस मारायला टाकलेले तेल ऑक्सिजनचे विरघळणे कमी करते आणि पुढे द्रव्य वेगळे करतानाही आडवे येते. फ्लास्कमध्ये यातले काहीच जाणवत नाही. मोठ्या टाकीत तर वरचे आणि खालचे थरही सारखे नसतात: साखर जिथे पडते तिथल्या पेशी तुडुंब, तळाच्या उपाशी.

त्याहून मोठे दुखणे वाणाच्या ‘बिघडण्याचे’. उणे ८० अंशांवर ठेवलेल्या १ मिलिलिटरच्या कुपीपासून १ लाख लिटरच्या टाकीपर्यंत पोचायला पेशींना साधारण तीस वेळा दुप्पट व्हावे लागते. औषध बनवणाऱ्या पेशीवर त्या कामाचा भार असतो, म्हणून ती सावकाश वाढते. ती ३ तासांत दुप्पट होते असे धरू. तीस दुपटींना ९० तास झाले. सुरुवातीलाच एखाद्या पेशीतले एक जनुक उत्परिवर्तनाने बंद पडले आणि ती अडीच तासांत दुप्पट होऊ लागली, तर तेवढ्याच वेळात तिच्या ३६ दुपटी होतात, म्हणजे तिचा वंश इतरांच्या ६४ पट वाढतो. ती दोन तासांत दुप्पट होत असेल तर ४५ दुपटी, म्हणजे ३२,७६८ पट. टाकी भरलेली दिसते, यीस्ट जोमदार दिसते, आणि औषध नसते. यावर उपाय म्हणजे वाढीच्या काळात सगळी साखळी बंद ठेवणे आणि टाकी भरल्यावरच ती चालू करणे. त्यासाठी साखर बदलून किंवा एखादा घटक घालून-काढून चालणारा ‘स्विच’ जनुकांपुढे बसवतात. तसेच जनुके फिरत्या प्लाझ्मिडवर (गुणसूत्राबाहेरच्या डीएनएच्या छोट्या वलयावर) न ठेवता गुणसूत्रात पक्की बसवतात. या दोन गोष्टी न करता केवळ फ्लास्कमधला आकडा सांगणारा प्रकल्प आमच्या मते अजून सुरूच झालेला नसतो.

हे सगळे अडथळे पार झाल्याचे एक उदाहरण आहे आणि ते प्रत्येकाने मुळातून समजून घ्यावे असे आहे. हिवतापावरचे आर्टेमिसिनिन. चीनमध्ये १९६७ साली सुरू झालेल्या लष्करी प्रकल्पात तू यूयू यांनी आर्टेमिसिया अ‍ॅनुआ या वनस्पतीतून कमी तापमानाला ईथरने ते काढण्याची वाट दाखवली. २०१५ चे नोबेल त्यासाठीच. २००६ मध्ये कीसलिंग यांच्या कॅलिफोर्नियातील गटाने यीस्टकडून आर्टेमिसिनिक आम्ल, म्हणजे औषधाच्या अलीकडचा टप्पा, लिटरला १०० मिलिग्रॅमपर्यंत मिळवले. २०१३ मध्ये अमायरिस कंपनीच्या शास्त्रज्ञांनी तो आकडा २५ ग्रॅमवर नेला. अडीचशे पट. ही वाढ एका युक्तीने झाली नाही. यीस्टचा मूळ वाण बदलला. एर्गोस्टेरॉलकडे जाणारी वाट (एर्ग-९) दाबली. पी-४५० चा सोबती कमी केला. वनस्पतीतली आणखी तीन जनुके आणली, सायटोक्रोम बी-५ आणि दोन डीहायड्रोजनेज, कारण मधला अ‍ॅल्डिहाइड साचून पेशींना मारत होता. महागडे गॅलॅक्टोज न वापरता स्विच चालेल असा बदल केला. फर्मेंटरमध्ये वरून आयसोप्रोपिल मिरिस्टेट हे तेल ओतले, ज्यात बनलेले आम्ल निघून जाते. या प्रत्येक बदलामागे वर सांगितलेल्यांपैकी एखादी अडचण आहे.

शेवटची पायरी मात्र यीस्टला जमत नाही. आम्लाचे आर्टेमिसिनिन करायला प्रकाश आणि ऑक्सिजन वापरणारी रासायनिक क्रिया लागते. सानोफीने इटलीतील गारेसिओ येथे मोठ्या दिव्यांचे त्यासाठीचे यंत्र उभारले आणि २०१३ मध्ये ३५ टन आर्टेमिसिनिन बनवले. विज्ञान जिंकले होते. पण सानोफीचा ना-नफा भाव किलोला ३५० ते ४०० डॉलर होता, तर शेतातून येणाऱ्या आर्टेमिसिनिनचा भाव त्याच सुमारास २५० डॉलरच्या खाली उतरला. २०१५ मध्ये गारेसिओत काहीच बनले नाही आणि २०१६ मध्ये तो कारखाना हुवेफार्मा या बल्गेरियन कंपनीकडे गेला. लिटरला २५ ग्रॅम येऊनही पान स्वस्त पडले, कारण आर्टेमिसियाच्या सुक्या पानात हे द्रव्य अर्धा ते एक टक्का असते. सदाफुलीच्या पानाशी याची तुलनाच होत नाही.

म्हणून आकडा वाचताना त्याच्या बाजूला डोस ठेवावा. हिवतापाच्या एका प्रौढ रुग्णाला तीन दिवसांत २४ गोळ्यांतून ४८० मिलिग्रॅम आर्टेमेथर (आर्टेमिसिनिनपासून बनणारे औषध) लागते, आणि जगात असे रुग्ण कोट्यवधी; तिथे टनांची गरज आहे आणि भाव पैशा-पैशाने झगडतो. व्हिनक्रिस्टिनचा डोस २ मिलिग्रॅम. त्याची गरज किलोंत मोजायची असते आणि भावही त्या मानाने चढा असतो. त्यामुळे सदाफुलीच्या यीस्टला लिटरमागे २५ ग्रॅम गाठण्याची गरजच नाही. काही शे मिलिग्रॅम स्थिरपणे आले तरी गणित बदलेल. आज मायक्रोग्रॅमवर असले तरी, पानाला टक्कर देण्याची संधी आम्हांला आर्टेमिसिनिनपेक्षा इथे अधिक दिसते.

हाच आकडा अकारण भीतीलाही उत्तर देतो. २०१५ मध्ये स्टॅनफर्ड विद्यापीठातील क्रिस्टिना स्मोल्क यांच्या गटाने अफूतील थेबाइन आणि त्यापासून हायड्रोकोडोन यीस्टमध्ये बनवले, तेव्हा घरोघरी अफूच्या भट्ट्या लागतील अशी चर्चा झाली. थेबाइनचे प्रमाण लिटरला सुमारे ६ मायक्रोग्रॅम होते. व्यवहारात यायला ते एक लाख पटींच्या आसपास वाढावे लागेल, असे त्या गटानेच सांगितले होते. नियमन हवेच, आपल्याकडे जनुक बदललेल्या सूक्ष्मजीवांसाठी १९८९ चे नियम आहेत, संस्थेच्या जैवसुरक्षा समितीची परवानगी लागते आणि टाकीतले यीस्ट मारल्याशिवाय सांडपाणी सोडता येत नाही. पण नियम करताना धोका किती पावलांवर आहे हे मोजून करावेत.

महाराष्ट्रात या विषयाला साखरेची बाजू आहे. ब्राझीलमध्ये साओ पाउलो राज्यातील ब्रोतास येथे, उसाच्या पट्ट्यात, अमायरिसने याच यीस्टच्या नातलगाकडून फार्नेसिन हे तेलासारखे रसायन बनवले. २ लाख लिटरच्या टाक्यांत ते लिटरला १३० ग्रॅमपर्यंत गेले. ते वाचून आपल्याकडेही कोणाला वाटू शकते की कारखान्यांच्या डिस्टिलऱ्यांत यीस्ट आणि मळी दोन्ही आहेत, तर औषधही तिथेच करावे. इथे सावध राहायला हवे. डिस्टिलरीतल्या टाकीत हवा सोडायची नसते, ढवळण्याची ताकद कमी असते, आणि निर्जंतुकता अल्कोहोलच्या आणि आम्लाच्या जोरावर कशीबशी राखलेली असते. औषधी यीस्टला याच्या नेमके उलट हवे: भरपूर हवा, पूर्ण निर्जंतुकता, अल्कोहोल शून्याजवळ. मळीतले क्षार आणि रंगद्रव्ये दर खेपेला बदलतात, ती शुद्धीकरणात आडवी येतात. त्यामुळे जुन्या टाक्या वापरण्याचा विचार सोडावा. घेण्यासारखे आहे ते माणसांकडचे ज्ञान: यीस्टच्या वासावरून आणि फेसाच्या रंगावरून टाकी बिघडल्याचे ओळखणारे कामगार आणि केमिस्ट आपल्याकडे आहेत. मांजरीची वसंतदादा साखर संस्था, माटुंग्याची रसायन तंत्रज्ञान संस्था आणि पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेतील औद्योगिक सूक्ष्मजीवांचा राष्ट्रीय संग्रह, या तिघांच्या हाती असलेले कौशल्य एकत्र आणून हवेशीर, निर्जंतुक, हजार ते दहा हजार लिटरची सामायिक सोय उभी केली तर फ्लास्क आणि कारखाना यांमधली दरी इथेच ओलांडता येईल. केंद्राने ऑगस्ट २०२४ मध्ये मंजूर केलेल्या, जैवतंत्रज्ञानाने उत्पादन करण्याविषयीच्या बायोई-३ धोरणात अशा कामाला वाव आहे.

आणि नरक्या. सह्याद्रीत कोल्हापूर, सिंधुदुर्ग, रत्नागिरी, सातारा भागांत वाढणाऱ्या या झाडात कॅम्प्टोथेसिन असते. ते १९६६ मध्ये एका चिनी वृक्षातून प्रथम वेगळे करणाऱ्या दोघा शास्त्रज्ञांपैकी मनसुख वाणी हे नंदुरबारचे. दुसरे मन्रो वॉल. त्यापासून टोपोटेकन आणि इरिनोटेकन ही कर्करोगाची औषधे बनतात, आणि म्हणूनच नरक्याची चोरटी तोड होते. यीस्टमध्ये बनू लागले की झाडे वाचतील, हे वाक्य आम्हीही ऐकले आहे. कॅम्प्टोथेसिनची साखळीही सदाफुलीच्याच स्ट्रिक्टोसिडिनच्या घराण्यातून निघते, म्हणजे वरच्या सगळ्या अडचणी तिच्याही वाट्याला आहेत. तोवर झाड मुळापासून तोडले जात राहिले तर यीस्टसाठी जनुके शोधायलाही वैविध्य उरणार नाही. जास्त द्रव्य असलेल्या झाडांतच चांगली एन्झाइमे शोधायची असतात. म्हणून वन विभागाची गस्त, रोपवाटिका आणि खोडाऐवजी फांद्या व पाने वापरण्याचे प्रयोग हे सगळे यीस्टची वाट न पाहता चालू राहिले पाहिजेत.

आपल्या विज्ञानविषयक पानांकडे आमची विनंती एवढीच आहे. यीस्टमधल्या औषधाची बातमी देताना चार गोष्टी द्याव्यात: लिटरमागे किती निघाले, यीस्टला साखर दिली होती की महागडे अर्धवट तयार द्रव्य, किती लिटरच्या भांड्यात हे झाले, आणि शेवटची पायरी यीस्टमध्ये झाली की बाहेर. मूळ शोधनिबंधात ही माहिती सहसा सापडते, आणि छापायला दोन ओळी पुरतात.

कळावे,

आपले,
किण्वन व औषधनिर्मिती क्षेत्रातील काही वाचक
पुणे